चेक-इनच्या रांगेत उभं राहण्याआधी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की पत्रांतून आणि फोनवरून तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. "मुलाकडे अमेरिकेला निघालोय, वेब चेक-इन झालंय, तर विमानतळावर किती वाजता पोचू?" "बोर्डिंग पास मोबाइलवर असताना आम्हाला पुन्हा काउंटरच्या रांगेत का उभं केलं?" तिसरा प्रश्न सगळ्यांत क्लेशाचा असतो: "आम्ही वेळेत पोचलो होतो, रांगेतच होतो, तरी काउंटर बंद झालं म्हणाले. आता पैसे परत मिळतील का?"

रांग किती लांब असेल ते तुमच्या हातात नाही. मात्र तुमचा नंबर आल्यावर काउंटरवर किती वेळ जाईल, हे बरंचसं घरीच ठरतं. आणि रांगेत अडकलात, तर आपण वेळेत हजर होतो याचा पुरावा तुमच्याजवळ असला पाहिजे. या दोन गोष्टींची तयारी कशी करायची, ते पाहू.

तारीख, वेळ आणि विमानतळ: तिकीट पुन्हा वाचा

मुंबईहून आखाती देश, युरोप आणि अमेरिकेकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. त्यामुळे तारखेचा घोळ होतो. तिकिटावर १५ मे, ००:४५ असं छापलं असेल, तर तुम्हाला १४ मेच्या संध्याकाळीच घर सोडायचं आहे. १५ तारखेच्या रात्री विमानतळावर गेलात, तर विमान जवळजवळ एक दिवस आधी गेलेलं असेल. घरातल्या कॅलेंडरवर उड्डाणाची तारीख लिहू नका, "घरातून निघायची" तारीख लिहा.

उड्डाणाच्या वेळेइतकंच या तीन वेळांकडे लक्ष ठेवा:

- काउंटर उघडण्याची वेळ: आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी साधारण तीन तास आधी, काही कंपन्यांचं चार तास आधी.
- काउंटर बंद होण्याची वेळ: बहुतेक ठिकाणी ६० मिनिटं आधी, काही कंपन्यांच्या बाबतीत ७५ किंवा ९० मिनिटं आधी. तुमच्या कंपनीची वेळ तिकिटावर किंवा तिच्या संकेतस्थळावर असते. तुमचा सगळा हिशेब या वेळेशी बांधा.
- गेट बंद होण्याची वेळ: साधारण २० ते ३० मिनिटं आधी. बोर्डिंग पासवरची वेळच खरी धरा.

एप्रिल ते जून, दिवाळीच्या आसपास आणि डिसेंबरच्या अखेरीस साडेतीन ते चार तास आधी टर्मिनलच्या दाराशी असावं, असं माझं मत आहे. एरवी तीन तास पुरतात. सहा-सात तास आधी जाण्यात मात्र काही मिळत नाही. काउंटर उघडलेलं नसतं, आणि वयस्कर माणसं सामान सांभाळत बसून थकून जातात. खरा फायदा काउंटर उघडतानाच रांगेत असण्याचा आहे.

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूरकडून गाडीने येणाऱ्यांनी उलटा हिशेब करावा. द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला की तासन् तास जातात, आणि संध्याकाळी मुंबईत शिरल्यावर सहारपर्यंतचा रस्ताही तुंबलेला असतो. नेहमीच्या वेळेत निदान दोन तास जास्त धरा.

आणि विमानतळ कोणता, तेही वाचा. मुंबईची आंतरराष्ट्रीय उड्डाणं सहारच्या टर्मिनल दोनमधून होतात. सांताक्रूझचं टर्मिनल एक देशांतर्गत उड्डाणांसाठी आहे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. "मुंबई" किंवा "गोवा" एवढंच वाचून टॅक्सी सांगू नका.

वेब चेक-इन केलं, तरी रांग का?

तुमच्याजवळ त्या देशात जाण्याची वैध कागदपत्रं आहेत की नाहीत, हे पाहण्याची जबाबदारी विमान कंपनीवर असते. कागद अपुरे असताना तुम्हाला नेलं आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी परत पाठवलं, तर आणण्याचा खर्च कंपनीला सोसावा लागतो, वर दंडही होऊ शकतो. म्हणून काउंटरवरचा कर्मचारी प्रत्येकाचा पासपोर्ट आणि व्हिसा पाहून, त्या देशाचे नियम संगणकावर तपासून मगच पास देतो. यातच वेळ जातो. मोबाइलवर आलेला पासही पुष्कळदा या तपासणीनंतरच ग्राह्य धरतात.

तरीही वेब चेक-इन करा. कंपनीप्रमाणे ते ४८ किंवा २४ तास आधी उघडतं. पासपोर्टचा तपशील आधीच भरला जातो, आणि बऱ्याच कंपन्या वेब चेक-इन केलेल्यांसाठी फक्त सामान देण्याची वेगळी, बहुधा लहान रांग ठेवतात. जास्त तिकिटं विकलेल्या विमानात जागा आधी घेऊन ठेवलेल्याला मागे ठेवण्याची शक्यताही कमी असते. वेब चेक-इन करताना पैसे देऊन सीट घ्यायचा आग्रह दिसेल. तो पर्याय टाळून पुढे जाता येतं.

याच्याशी जोडलेले तीन गैरसमज:

- चेहऱ्यावरून प्रवेश देणारं डिजियात्रा ॲप सध्या देशांतर्गत प्रवासासाठी आहे. परदेशी जाताना त्यावर विसंबू नका.
- प्रस्थानाचा फॉर्म भारतीय नागरिकांना १ जुलै २०१७ पासून भरावा लागत नाही. कोणी विकत किंवा भरून देऊ म्हणालं, तर नको म्हणा.
- फास्ट ट्रॅक इमिग्रेशन ही गृह मंत्रालयाची योजना जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहे. भारतीय नागरिकांना आणि ओसीआय कार्डधारकांना ती मोफत आहे. ऑनलाइन अर्ज मंजूर झाल्यावर एकदा बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद द्यायची, मग इमिग्रेशनला स्वयंचलित दारातून जाता येतं. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने ती जरूर घ्यावी. मात्र तिने इमिग्रेशनची रांग वाचते, चेक-इनची नाही.

नाव: मराठी घरांत हमखास होणारा घोळ

काउंटरवर सगळ्यांत जास्त वेळ खाणारी, आणि घरी सगळ्यांत सहज टाळता येणारी अडचण म्हणजे नाव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर ते पहिल्या नावाच्याच रकान्यात येतं, तर तिकीट काढताना मुलगा परदेशातून फक्त "सुनंदा" आणि आडनाव भरतो. काही कंपन्या हे चालवून घेतात. काही पर्यवेक्षकाला बोलावतात आणि मागची रांग खोळंबते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या नावाचं, हे नेहमीचं. तिथे नुसत्या समजावण्याने भागत नाही.

तिकीट काढणाऱ्याला पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा आणि त्यावर जसं आहे तसंच नाव भरायला सांगा. चूक दिसली तर त्याच दिवशी कळवा. कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट घेतलेल्या तिकिटात त्याच व्यक्तीच्या नावातली चूक २४ तासांत दाखवून दिली, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार दुरुस्तीला पैसे लागत नाहीत. एजंटकडून घेतलं असेल तर एजंटच्या मागे लागा.

पासपोर्टवर आडनाव नसून एकच नाव असेल, तर संयुक्त अरब अमिरातीत भेटीच्या व्हिसावर प्रवेशाला अडचण येते. नोव्हेंबर २०२२ पासून तिथे हा नियम कडक झाला आहे. दुबईला जाणाऱ्यांनी किंवा दुबईत थांबून शहर पाहायचं असलेल्यांनी तिकिटाआधी हे निस्तरावं.

कागद एका फोल्डरमध्ये, फोल्डर हातात

चेक-इनच्या बॅगेत कागद गेले, तर काउंटरसमोर बॅग उघडून बसावं लागतं. हे हातात असू द्या:

- पासपोर्ट. बहुतेक देशांना तो पुढचे सहा महिने वैध लागतो.
- व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असलेल्यांकडून जुना पासपोर्ट घरी राहण्याचा प्रकार फार होतो.
- परतीच्या तिकिटाची छापील प्रत. पर्यटक म्हणून जाणाऱ्याला ती बहुधा विचारतातच.
- जिथे उतरणार तो पूर्ण पत्ता, पिनकोडसह, आणि तिथला फोन नंबर. अमेरिकेला जाताना पत्ता संगणकात भरावाच लागतो. मोबाइलवर शोधत बसू नका, कागदावर लिहा.
- विम्याची प्रत. शेंगेन देशांसाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं.
- सिंगापूर आणि थायलंडसाठी ऑनलाइन आगमन कार्ड. दोन्ही पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची आणि दोन्ही मोफत आहेत. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि सुट्टीला घरी आलेल्या मुलांसाठी एक सूचना: तिथले निवासी परवाने आता ई-व्हिसाच्या रूपात आहेत. मधल्या काळात पासपोर्ट बदलला असेल, तर नवा क्रमांक ई-व्हिसाच्या ऑनलाइन खात्याला जोडल्याशिवाय परतीच्या काउंटरवर अडचण येते. परदेशी पासपोर्टच्या नातवंडांनी भारतात येताना ओसीआय कार्ड सोबत आणावं.

वाटेत विमान बदलायचं असेल, तर त्या विमानतळासाठी ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या. आणि दोन उड्डाणं वेगवेगळ्या तिकिटांवर असतील, तर मधल्या ठिकाणी सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीची जबाबदारी नसते. स्वस्त पडतं म्हणून अशी तिकिटं काढताना याचा विचार कराच.

बॅग घरीच तोला

काउंटरसमोर बॅगा उघडून इकडचं मसाल्याचं पाकीट तिकडे टाकणारं कुटुंब दर रांगेत असतं. दोनशे-तीनशे रुपयांचा हातकाटा घ्या. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा नग मोजतात, प्रत्येकी २३ किलो. आखाती मार्गांवर एकूण किलो मोजतात. नगावर वजन असेल तर एक बॅग २६ आणि दुसरी २० चालत नाही. ३२ किलोच्या वरची एकच बॅग जवळजवळ कोणतीही कंपनी घेत नाही. हातबॅग साधारण ७ किलोची आणि एकच, आता हे काटेकोर पाहतात.

खाऊबद्दल विशेष सांगायला हवं, कारण आपल्या बॅगा खाऊनेच अडतात:

- सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणि कापूर घेऊ नका. दोन्ही पेट घेणारे पदार्थ आहेत. पूजेचं सामान भरताना कापूर हमखास जातो.
- लोणचं आणि तूप हातबॅगेत नको. तूप द्रव पदार्थांत धरतात, आणि हातबॅगेत १०० मिलीलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही.
- भाजणी, मेतकूट, गोडा मसाला चेक-इनच्या बॅगेत. थेट अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातबॅगेतल्या ३५० मिलीलिटरहून जास्त भुकटीवर निर्बंध आहेत.
- पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या याच्या उलट: फक्त हातबॅगेत. चेक-इनच्या बॅगेत सापडल्या तर तुम्हाला परत बोलावतात.

"बॅग तुम्हीच भरली का, कोणी काही पोचवायला दिलंय का?" असं काउंटरवर विचारतात. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलासाठी दिलेला डबा घ्यायचाच असेल, तर उघडून पाहा आणि स्वतःच्या हाताने भरा. शिवलेलं, चिकटवलेलं पुडकं घेऊ नका, मग संबंध कितीही जवळचे असोत.

वयस्कर प्रवाशांसाठी व्हीलचेअर

"मी काय आजारी आहे का?" असं म्हणून व्हीलचेअर नाकारणारे आजोबा-आजी मला नेहमी भेटतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: गुडघे दुखत असतील, दम लागत असेल, तर संकोच करू नका. दाराशी, चेक-इनला, इमिग्रेशनला, सुरक्षा तपासणीला असं चार ठिकाणी उभं राहायचं असतं आणि पुढे गेटपर्यंतची चाल लांब असते.

मागणी तिकीट काढतानाच, किंवा निदान ४८ तास आधी नोंदवा. पायऱ्या चढता येतात की नाही हे नीट सांगा, त्यावरून विमानाच्या दारापर्यंत की सीटपर्यंत मदत द्यायची ते ठरतं. एकाच तिकिटावरचे दोघे असाल तर दोघांची मागणी स्वतंत्र नोंदवावी लागते. पासपोर्ट आणि पैसे मात्र स्वतःकडेच ठेवा, आणि गोळ्या व थोडं खाणं हातबॅगेत.

ज्यांना गरज नाही त्यांनी केवळ रांग चुकवायला खुर्ची मागू नये. खुर्च्या आणि ढकलणारी माणसं मोजकी असतात, आणि मध्यरात्रीच्या गर्दीत ज्याला खरंच चालवत नाही तो ताटकळतो.

रांगेत उभं असताना

आधी रांग कोणाची ते विचारा. एकाच कंपनीच्या दोन-तीन उड्डाणांच्या आणि वेगवेगळ्या वर्गांच्या रांगा शेजारी असतात. अर्धा तास चुकीच्या रांगेत गेल्यावर कळून उपयोग नाही. मुंबईत कर्मचाऱ्यांशी मराठीत किंवा हिंदीत बिनधास्त बोला.

काउंटर बंद व्हायला ४० मिनिटं उरली आणि पुढे अजून मोठी रांग असेल, तर गप्प उभं राहू नका. ही वेळ मी मुद्दाम लवकरची सांगतो आहे.

१. रांगेत फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला उड्डाण क्रमांक सांगून मदत मागा. बंद होणाऱ्या उड्डाणाच्या प्रवाशांना बहुतेक कंपन्या पुढे घेतात, पण त्यांना तुम्ही दिसायला हवं.
२. कुटुंबातला एकजण रांगेत राहू दे, दुसऱ्याने ड्यूटी मॅनेजरला गाठावं.
३. रांगेचा आणि वेळ दाखवणाऱ्या फलकाचा फोटो काढा. अधिकाऱ्यांचे आणि सुरक्षा तपासणीचे फोटो मात्र काढू नका.
४. त्याच क्षणी कंपनीच्या ॲपवर किंवा ईमेलवर दोन ओळी पाठवा: "अमुक वाजल्यापासून अमुक उड्डाणाच्या रांगेत आहोत, अजून काउंटर मिळालेलं नाही." या संदेशावर वेळ आपोआप नोंदली जाते.

काउंटरवरून हलण्याआधी विचारा: सामानाचा टॅग शेवटच्या मुक्कामापर्यंत आहे ना? पुढच्या सगळ्या उड्डाणांचे पास मिळाले ना? अमेरिकेत साधारणपणे पहिल्या विमानतळावर सामान उतरवून घेऊन पुन्हा द्यावं लागतं, टॅग पुढचा असला तरी.

क्वचित संगणकच बंद पडतात. १९ जुलै २०२४ ला भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले पास दिले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये लंडन, ब्रुसेल्स, बर्लिनला चेक-इनची यंत्रणा कोलमडली. अशा दिवशी तिकिटाची छापील प्रत उपयोगी पडते.

विमान चुकलं किंवा जागा नाकारली, तर

या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने फार वेगळ्या आहेत. तिकीट पक्कं, तुम्ही वेळेत हजर, तरी विमान भरलं म्हणून जागा नाकारली, तर महासंचालनालयाच्या नियमांनुसार:

- मूळ वेळेपासून एका तासात सुटणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही;
- २४ तासांच्या आत दिलं तर एकेरी मूळ भाडं व इंधन आकाराच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये;
- त्याहून उशिरा दिलं तर ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये;
- दुसरं विमान नको असेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये.

परदेशी कंपनी असेल तर तिच्या देशाचे नियम आणि अटीही पाहाव्या लागतात. युरोपीय संघातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तिथला कायदा लागू होतो. भारतात परतण्याच्या अंतरासाठी ही रक्कम साधारण ६०० युरो आहे.

काउंटर बंद झाल्यावर पोचलात असं कंपनी म्हणत असेल, तर मात्र लढाई पुराव्याची आहे. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर कोलकाता ते आगरतळा प्रवासाचं प्रकरण होतं. प्रवाशांनी बोर्डिंग पास घेतले होते, पण विमान त्यांना न घेता गेलं. राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत त्यांना भरपाई मिळाली होती; सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पास घेतल्यावर गेटवर वेळेत पोचणं प्रवाशाचं काम, आणि सेवेत कसूर झाली हे आधी तक्रारदाराने दाखवायला हवं, असं न्यायालयाने म्हटलं. वर फोटो आणि ईमेलचा आग्रह धरला तो यासाठी.

विमान चुकल्यावर लगेच करायच्या गोष्टी:

- परतीचं तिकीट वाचवा. जाण्याचा प्रवास केला नाही, तर परतीचा भागही आपोआप रद्द होतो. विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या खिडकीवर तो कायम ठेवायला सांगा आणि लेखी घ्या.
- कर परत मागा. तिकीट परतावा न मिळणारं असलं आणि तुम्ही गेलाच नाहीत, तरी भारतीय कंपनीने सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत करायचं असतं. न मागणाऱ्याला ते सहसा मिळत नाही.
- कारण लेखी मागा. काउंटरवर देत नसतील, तर तिथूनच ईमेल करा.

तक्रार आधी कंपनीकडे, मग केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, विमानतळ मुंबईचा म्हणून मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करा. तोवर बोर्डिंग पास, सामानाच्या पावत्या आणि ते फोटो सांभाळून ठेवा.